पेडणेकर बाईंची वहिवाट

पेडणेकर बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते वाक्य होतं, "कोणी पाठवलं गं तुला?"

कांदिवलीच्या त्या कन्याशाळेत मी नुकतीच गणित शिकवायला लागले होते. शिक्षिकांच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या डबा खात होत्या. मी नम्रपणे म्हणाले, "लेले बाईंनी नेमलंय मला." लेले बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

"नेमलं त्यांनी. ते ठाऊक आहे मला. पाठवलं कोणी?"

मला प्रश्नच कळला नाही. पुढे बरेच दिवस मी खोलीत शिरले की पेडणेकर बाई बोलता बोलता थांबत आणि एकदम उकाड्याचा विषय काढत. इतर शिक्षिकांच्या कागाळ्या वर पोहोचवण्यासाठी लेले बाईंनी मला तिथं आणून बसवलंय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग एकदा उत्तरपत्रिका उशिरा दिल्याबद्दल लेले बाईंनी मला सगळ्यांदेखत असं काही फैलावर घेतलं की मी खोलीत येऊन रडायला लागले. पेडणेकर बाई खुर्चीतून उठल्या, जवळ आल्या, वाकून माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

"खरं रडतेयस तू," त्या म्हणाल्या. "नाव काय तुझं? सुलभा ना?"

त्या दिवसापासून त्या माझ्याशी सरळ बोलू लागल्या.

बाई मूळच्या मालवणकडच्या. उंच, काटक, पन्नाशीच्या अलीकडच्या. गळ्यात काळी पोत, हातात बाराही महिने छत्री. स्टेशनजवळच्या एका चाळीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. दाराला कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघायच्या, जिना उतरायच्या आणि पुन्हा वर जाऊन एकदा लोंबकळायच्या. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून उलटं वाचायच्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पहिल्या पानावर त्यांना आपल्याला जे वाचायला लावायचं असतं ते छापतात. दडवायचं असतं ते आत कुठंतरी खाली असतं." दूधवाल्या भय्याला त्या रोज त्याच्याच चरवीतलं घोटभर दूध आधी प्यायला लावत. तो बिचारा इतका सरावला होता की दार उघडायच्या आतच पिऊन तोंड पुसून उभा राहायचा. यावर बाईंचा संशय दुणावला. "माझ्या नजरेआड प्यायला. पी परत."

आणि त्यांचा तो एक शब्द, "कशावरून?" आपण म्हणावं, आज वारा सुटलाय. त्या म्हणणार, कशावरून? मुलींनी त्यांचं नाव सी.आय.डी. ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

पण हाच स्वभाव वर्गात गेला की त्याचं सोनं व्हायचं. मॅट्रिकच्या मुलींना इंग्रजी त्याच शिकवत. "शब्द ओळखीचा वाटला की जास्त सावध व्हायचं," असं सांगत. फळ्यावर 'इन्फ्लेमेबल' लिहायच्या आणि विचारायच्या, अर्थ काय? सगळा वर्ग एका सुरात म्हणे, न पेटणारा! मग बाई शांतपणे म्हणत, "बरं. स्टोव्हवर नेऊन ठेवा तो डबा आणि मग मला कळवा, कळवायला उरलात तर." त्यांच्या हाताखालून गेलेली मुलगी इंग्रजीत सहसा फसत नसे.

आता त्यांचा संशय नेहमी बरोबर ठरायचा असं मात्र नाही. दारूबंदी नवी नवी होती तेव्हाची गोष्ट. आमच्या भागात खाडीच्या बाजूला हातभट्ट्या लागत, पोलिसांच्या धाडी पडत, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघत असे. बाईंच्या शेजारच्या खोलीत परांजपे काकू राहायच्या, एकट्या विधवा बाई. त्यांच्या खोलीतून गूळ आंबल्यासारखा वास यायला लागला. सकाळी सकाळी पिशव्या घेऊन माणसं येत आणि कपड्यात गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन जात. पेडणेकर बाईंनी काही दिवस हे पाहिलं आणि सरळ चौकीवर जाऊन वर्दी दिली. हवालदार आला. सगळी चाळ गॅलरीत उभी. काकूंच्या खोलीतून एकेक बरणी बाहेर आली. एकीत मोरावळा, दुसरीत लिंबाचं गोड लोणचं, बाटल्यांत कोकमचं सरबत. काकू घरगुती पदार्थ करून विकत होत्या. हवालदारानं खात्री करायला चमचाभर मोरावळा खाल्ला, मग आणखी खात्री करायला आणखी एक चमचा खाल्ला. चाळ हसत होती, आणि काकू पदर डोळ्यांना लावून दारात बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पेडणेकर बाई काकूंच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चुकलं माझं. पण वास तसाच येत होता." काकूंनी दार लावून घेतलं. बाई उभ्याच राहिल्या. शेवटी दार उघडलं तेव्हा त्यांनी मोरावळ्याची एक बरणी मागून घेतली. पुढे कायम त्यांच्या घरात मोरावळा काकूंचाच असायचा. उघडताना आधी हुंगायच्या ते वेगळं.

एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी, की बाईंनी विजयकर साहेबांवर संशय घेतला तेव्हा कोणीच त्यांच्यावर विश्वास का ठेवला नाही ते कळावं.

तेव्हा कांदिवलीला मुंबई म्हणायची पद्धत नव्हती. स्टेशन ओलांडून पश्चिमेला आलं की थोडी घरं, आमची शाळा, आणि त्यापुढे आंब्याची, ताडांची एक मोठी वाडी. वाडीपलीकडे खाडीच्या अंगाला खाजणपाडा नावाची वस्ती. मासे विकणारी, भातशेती करणारी माणसं. तिथल्या मुली शाळेला येत त्या वाडीतल्या पायवाटेनं. मध्ये एक ओढा लागायचा. त्यावर साकव होता. साकव म्हणजे काय, एक रुंद, जाड लाकडी फळी या काठावरून त्या काठावर टाकलेली. ही वाट नसेल तर खदानीच्या रस्त्यानं वळसा पडे. त्या रस्त्यावर दगडांच्या लॉऱ्या धावत, आणि आडोशाला कसले कसले लोक बसलेले असत. पोरींना तिकडून पाठवायला आया तयार नसत.

ही वाडी विजयकर साहेबांनी विकत घेतली. साहेब निवृत्त सॉलिसिटर, आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. गोरेपान, रेशमी कोट, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढं वाकावं लागे. साधी शिक्षिका खोलीत आली तरी उठून उभे राहत. आम्ही सगळ्या त्यांच्यावर खूश. पेडणेकर बाई तेवढ्या म्हणायच्या, "इतकं गोड बोलायला माणसाला वेळ कुठून मिळतो?"

एका पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव नाहीसा झाला. पुरात वाहून गेला असणार, असं सगळे म्हणाले. ओढा भरून वाहत होता तोवर खाजणपाड्याच्या मुली खदानीच्या रस्त्यानं येत होत्या, काही तर येतच नव्हत्या. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि बघतो तर वाडीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि त्यावर पांढऱ्या रंगाची नवी कोरी पाटी. पाटी इंग्रजीत होती. ही वाट 'डेस्युएट्यूड' झाल्यामुळे बंद करण्यात आली आहे, असा त्यातला मजकूर. तो शब्द मी आता असा लिहिते आहे, पण तेव्हा तो कोणाला उच्चारताच येत नव्हता.

शिक्षिकांच्या खोलीत दिवसभर तोच विषय. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, कसला तरी विलायती रोग असावा, पिकावर पडतो तसा. लेले बाईंनी शब्दाचे तुकडे पाडून पाहिले आणि म्हणाल्या, "यात 'सूट' आहे. म्हणजे सूट बंद केली, असं काहीतरी." पेडणेकर बाई कपाटातून शाळेचा इंग्रजी कोश काढून चाळत होत्या. कोश छोटा होता, त्यात तो शब्द नव्हता. बाईंनी पानांचे आकडे तपासले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"पान फाडलंय का ते बघतेय."

पान फाडलेलं नव्हतं. बाईंनी कोश ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "हे बघ सुलभा. वाट बंद आहे एवढंच सांगायचं असतं तर 'क्लोज्ड' पुरे होतं. पाड्यातल्या माणसाला मराठी वाचायची मारामार, आणि इथं इंग्रजीच्या शिक्षिकेलाही कळू नये असा शब्द हुडकून लावलाय. एवढा खटाटोप माणूस कशाला करेल? काहीतरी झाकायचं असल्याशिवाय?"

"अहो, वकील आहेत ते. त्यांची भाषाच तशी," मी म्हणाले.

"कशावरून?"

बोरिवलीच्या बाजूला एक जुनं चर्च होतं. तिथले फादर पास्कल मूळचे वसईचे, म्हातारे, लॅटिन जाणणारे. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मला घेऊन तिकडे गेल्या. वाटेत बजावलं, "चहा घेऊ नकोस. पाद्री लोकांचा भरवसा नाही, एक कप चहा पाजून नाव बदलून टाकतील." फादरनी चहा विचारलासुद्धा नाही. थेट शहाळी फोडून आमच्या हातात दिली. शहाळ्यावर कसला संशय घ्यावा हे बाईंना सुचेना, मग त्यांनी ते घेतलं.

पाटीवरचा शब्द बाईंनी कागदावर लिहून आणला होता. फादरनी चष्मा चढवला.

"डेस्विट्यूड," ते म्हणाले. "असा उच्चार करतात. वापरात नसणं. पण नुसतं तेवढंच नाही हो बाई. याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. सुएस्केरे म्हणजे सवय होणं, अंगवळणी पडणं. त्याच्यापुढं 'दे' लागला की उलटं. अंगवळणी पडलेलं सुटणं. तिथून फ्रेंचात गेला, मग इंग्रजीत आला. आमच्या चर्चच्या कायद्यातही आहे. एखादा नियम लोक पाळेनासे झाले, वर्षानुवर्षं कोणी पाळला नाही, तर तो आपोआप मरतो. त्याला कोणी मारावं लागत नाही."

"म्हणजे वहिवाट मोडणं," बाई म्हणाल्या.

फादर खूश झाले. "वा! अगदी तेच. वहिवाट मोडणं."

"आणि कोणी मुद्दाम मोडायला लावली तर? समजा, एखाद्यानं वाट अडवली, आणि मग म्हणाला बघा, कोणी येत नाही. तर हा शब्द लागतो का?"

फादरनी थोडा विचार केला. "नाही लागायचा. सवय सुटायला हवी, सोडवून चालत नाही. तिथं हा शब्द खोटा पडेल."

बाईंनी कागदाची घडी घातली. आता उठतील म्हणून मी शहाळं खाली ठेवलं, तर त्या बसूनच होत्या. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "फादर, माणसांना लागतो का हो हा शब्द?"

"म्हणजे?"

"म्हणजे एखादा माणूस आफ्रिकेत गेला नोकरीला. आधी दर वर्षी यायचा. मग वर्षाआड. मग नाहीच. भांडण नाही, तंटा नाही. कोणी मारलं नाही, कोणी मोडलं नाही."

फादर बाईंच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडे पाहत होते असं मला वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "कायद्यात नाही लागत बाई. लग्नाला नाही."

"बरं झालं विचारलं," असं म्हणून त्या उठल्या. परत येताना त्या वाटभर विजयकर साहेबांबद्दलच बोलत होत्या. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी बाई खदानीच्या रस्त्यानं वळसा घालून खाजणपाड्यात गेल्या. मुलींना गोळा केलं आणि वाडीतल्या वाटेनं निघाल्या. ओढ्याला पाणी घोट्याएवढं उरलं होतं, त्यातून पलीकडे आल्या. कुंपणाशी पोहोचल्यावर छत्रीच्या दांड्यानं बाभळीचे फाटे बाजूला ओढले आणि एकेक मुलगी बाहेर काढली. बाईंच्या पातळाला काटे लागून धागे निघाले होते. शाळेच्या व्हरांड्यात त्या आल्या तेव्हा आम्ही सगळ्या बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी कुंपण पुन्हा नीट बांधलेलं होतं. बाईंनी ते पुन्हा ओढलं. असं रोज चाललं. वाडीतला माळी हातात कोयता घेऊन उभा राहायचा, पण काही बोलायचा नाही. बंगल्याच्या व्हरांड्यात विजयकर साहेब आरामखुर्चीत बसून हे बघायचे. तेही काही बोलायचे नाहीत. खोलीत मात्र सगळ्या बोलायच्या. "अध्यक्षांशी वैर घेतलंय. वाट लागणार हिची," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. लेले बाई म्हणाल्या, "हिनं परांजपे काकूंच्या मोरावळ्यावर पोलीस आणले होते, विसरलात का?"

त्यातच पाड्यातली हिराबाई शाळेत आली. ती बोंबील विकायची, तिची मुलगी सातवीत होती. मुलीचं नाव शाळेतून काढायला आली होती. लेले बाई कामात होत्या म्हणून ती व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. हा बाक विजयकर साहेबांनी त्याच वर्षी गणपतीच्या सुमाराला शाळेला भेट दिलेला. चांगलं जाड, रुंद लाकूड, खाली नवे पाय ठोकलेले. आम्ही सगळ्या त्यावर बसायचो. पेडणेकर बाई बसत नसत. त्यांचं म्हणणं, फुकटच्या लाकडात ढेकूण असतात.

बाई हिराबाईशी बोलायला गेल्या. "नाव कशाला काढतेस गं? मी आणते ना रोज पोरींना."

"बाय, तू किती दिस आणशील गो? उद्या त्यो मानूस पोलीस बोलावल." असं म्हणत हिराबाई बाकावरून हात फिरवत होती. हात फिरवता फिरवता थांबली. मग उठून उभी राहिली आणि बाकाकडे बघायला लागली. "बाय, ह्यो तं आमचा साकव हाय."

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

"आता कशावरून म्हंजे? ह्याच्यावरून चालूनशी माझं पाय झिजलं. आमच्या घरवाल्यानं ह्याला खालनं होडीचं डांबर लावलंला. उलटा करूनशी बघ."

बाईंनी मला हाक मारली. आम्ही तिघींनी मिळून बाक कलता केला आणि वाकून पाहिलं. खालची बाजू पूर्ण काळी होती, डांबराचे ओघळ सुकून गेलेले. बाईंनी त्यावर नख फिरवलं, वास घेतला. मला वाटलं त्या आता ओरडतील. पण त्यांनी बाक सरळ करायला लावला आणि हिराबाईला म्हणाल्या, "नाव काढू नकोस. शनिवारी ये."

शनिवारी कमिटीची बैठक होती. पेडणेकर बाईंना जाब द्यायला बोलावलं होतं, अध्यक्षांच्या खासगी जागेत रोज घुसखोरी केल्याबद्दल. मला लेले बाईंनी बैठकीची टिपणं घ्यायला बसवलं होतं, त्यामुळे मी सगळं समोर पाहिलं.

बाई आत आल्या तेव्हा विजयकर साहेब नेहमीसारखे उठून उभे राहिले. "बसा बाई. तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही इंग्रजी शिकवता. पाटी वाचली असेलच."

"वाचली. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ आपल्या तोंडून ऐकायचाय."

साहेब किंचित हसले. "वापर सुटलेली, एवढाच अर्थ. मी जागा घेतल्यापासून पाहतोय. पावसाळाभर त्या वाटेनं कोणी आलं नाही."

"साकव नव्हता म्हणून."

"तो वाहून गेला. त्याला मी काय करणार?"

"सुलभा," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दार उघड." आणि कमिटीला म्हणाल्या, "दोन मिनिटं बाहेर या सगळे."

बाहेर हिराबाई उभी होती. तिनं आणि बाईंनी बाक उताणा केला, आणि डांबरावर हात ठेवून ती म्हणाली, "ह्यो आमचा साकव." कमिटीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. बाई साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "सवय मुलींची मोडली नाही, साहेब. साकव तुम्ही मोडलात."

विजयकर साहेबांचा चेहरा अगदी पांढरा पडला. ते वाकले, डांबराला बोट लावून पाहिलं. "माळी म्हणाला होता, वाडीत जुनं लाकूड पडलंय," ते कसेबसे म्हणाले. "मीच म्हटलं, शाळेला बाक करून दे."

"माळ्याला बोलवा."

"तो परवा गावी गेला."

बाई नुसत्या 'हं' म्हणाल्या. त्या एका 'हं'मध्ये सगळं होतं.  साहेबांनी टोपी घेतली आणि ते निघून गेले. त्याच संध्याकाळी पाटी निघाली, कुंपण निघालं, आणि महिना संपायच्या आत ओढ्यावर नवा साकव झाला, दोन्ही बाजूंना धरायला कठडे असलेला. हिराबाईची मुलगी शाळेत राहिली. खदानीच्या रस्त्याला घाबरून घरी बसलेल्या मुलीसुद्धा परत आल्या.

पण पुढच्या वर्षी लेले बाईंनी बाईंकडून मॅट्रिकचं इंग्रजी काढून घेतलं आणि त्यांना पाचवीचा वर्ग दिला. यामागे साहेबांचा हात होता की लेले बाईंची लाचारी, ते मला कधी कळलं नाही. बाईंना अर्थातच कळलं होतं. "साहेब स्वतः कशाला करतील? नुसती भुवई उचलली असेल." तक्रार त्यांनी केली नाही. पण मॅट्रिकच्या वर्गावरून जाताना त्यांची चाल मंदावायची. एकदा नव्या शिक्षिकेनं आत काहीतरी चुकीचं सांगितलं, तेव्हा त्या दाराशी थांबल्या, छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे निघून गेल्या. मी मागून येत होते. मला ते बघवलं नाही.

वाटेवरचा पहारा त्यांनी सोडला नाही. मुली आता आपापल्या येत होत्या, तरी बाई रोज सकाळी खाजणपाड्यापर्यंत जाऊन येत. रविवारी, दिवाळीत, मे महिन्यातसुद्धा. "सुट्टी शाळेला असते, वाटेला नाही," म्हणायच्या. व्हरांड्यात बसलेले विजयकर साहेब त्या दिसल्या की उठून उभे राहत आणि हात जोडत. बाई सरळ समोर बघत निघून जात. मी एकदा म्हटलं, "अहो, नमस्कार तरी घ्या." तर म्हणाल्या, "वकिलाचा नमस्कार घेतला की तो कशाची तरी पोच म्हणून वापरतो."

अशी दोन-तीन वर्षं गेली. माझं लग्न ठरलं, सासर घाटकोपरला, शाळा सोडायची होती. त्याच सुमाराला विजयकर साहेब हृदयविकारानं गेले. शाळेतर्फे सगळ्या भेटून आल्या. काही दिवसांनी, आम्हा दोघींचे शेवटचे तास मोकळे होते तेव्हा, पेडणेकर बाई मला म्हणाल्या, "चल, आपण जाऊ."

मला वाटलं, बाईंना खरंच वाईट वाटलंय. वाटलंही असेल. पण साहेबांच्या पत्नी समोर येऊन बसल्या न बसल्या तोच बाईंनी विचारलं, "तुमचा तो जुना माळी परत आला का हो कधी?"

मी शरमेनं खाली बघितलं. पण साहेबांच्या पत्नी रागावल्या नाहीत. "नाही आला," त्या म्हणाल्या. "त्या बाकाचं कळलं त्या दिवशी हे जेवले नव्हते. म्हणाले, माझ्या दारातली गोष्ट मला दिसली नाही आणि वर मी पाटी लावली. फार लागलं त्यांना. पण तुमच्याकडं येऊन बोलायचा धीर झाला नाही. रोज सकाळी विचारायचे, बाई आल्या का गं? उशीर झाला तर उठून दोन-दोनदा बघायचे."

 थोड्या वेळानं आम्ही उठलो. वाडीतून चालत ओढ्याच्या दिशेनं निघालो, मला हिराबाईचा निरोप घ्यायचा होता.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "सुलभा, खरं सांगत असतील त्या?"

"मला तरी खरं वाटलं."

मी त्यांच्या नेहमीच्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. आणखी थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "पण बायको नवऱ्याबद्दल दुसरं काय सांगणार?" आणि लगेच, "पण आता खोटं बोलून तिला मिळणार तरी काय?" पुन्हा चार पावलं चालून, "माळी मात्र नेमका बैठकीच्या आधीच कसा गेला?" त्या माझ्याशी बोलत नव्हत्याच. इतकी वर्षं मी त्यांना जगावर संशय घेताना पाहिलं होतं. स्वतःच्या संशयावर घेताना पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते त्यांना जमत नव्हतं.

मी साकव ओलांडून पलीकडे गेले. वळून पाहिलं तर बाई साकवाच्या मधोमध थांबलेल्या. एक हात कठड्यावर, नजर खाली पाण्यात. नुकतीच शाळा सुटली होती. खाजणपाड्याच्या मुली दप्तरं सांभाळत पळत आल्या आणि त्यांच्या पाठीमागे येऊन थबकल्या. साकव अरुंद, बाई मध्ये उभ्या, पुढे जायला जागा नाही. सी.आय.डी.ला हटकायची कोणाची हिंमत होईना. मुली एकमेकींना कोपरानं ढोसत उभ्या होत्या. शेवटी त्यांतली सगळ्यांत लहान पुढे झाली.

"बाई, वाट द्या ना."

बाई दचकल्या. कठड्याला टेकून अंग चोरून उभ्या राहिल्या, आणि मुली त्यांच्या समोरून एकामागून एक पलीकडे गेल्या.